एसक्यूएल की सीक्वेल, आणि मराठीत काय लिहायचं?

प्रश्न असा आहे : 'कॉलेजात सरांनी डेटाबेसमधून, म्हणजे संगणकातल्या माहितीच्या साठ्यातून, हवी ती माहिती काढायच्या भाषेला एसक्यूएल म्हणायला शिकवलं. नोकरीला लागल्यावर बघतो तर सगळे सीक्वेल म्हणतात. बरोबर कोणतं? शिवाय आमच्याकडच्या कर्मचाऱ्यांसाठी मराठीत एक माहितीपुस्तिका लिहायची आहे. तिच्यात काय लिहू?'

बोलण्यात दोन्ही बरोबर आहेत. पुस्तिकेत मात्र 'एसक्यूएल' लिहा. या दोन उत्तरांमागची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सीक्वेलचं. एस, क्यू, एल या तीन अक्षरांत एकही स्वर नाही. ती सलग वाचून 'सीक्वेल' असा उच्चार कुणी काढला असेल, असं वाटत नाही. सीक्वेल हा एसक्यूएलचा उच्चार नव्हेच, ते त्या भाषेचं आधीचं नाव आहे. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं. माहिती तक्त्यांत ठेवायची आणि तक्त्यांचे परस्परसंबंध जुळवून हवी ती माहिती काढायची, ही ती कल्पना. पण त्यांची मांडणी गणिताच्या चिन्हांतली होती. आयबीएममधलेच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तिच्यावरून आधी 'स्क्वेअर' नावाची भाषा केली. तिच्यात काही मजकूर अक्षरांच्या खाली बारीक टाइपात लिहावा लागे आणि साध्या कळफलकावर ते जमत नसे. मग त्यांनी सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर असे साधे इंग्रजी शब्द घेऊन नवी भाषा रचली आणि तिला नाव दिलं 'स्ट्रक्चर्ड इंग्लिश क्वेरी लँग्वेज', थोडक्यात सीक्वेल. १९७४ साली तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला तो याच नावानं. बॉइस त्याच वर्षी तरुण वयात गेले.

पुढे कळलं की ब्रिटनमधल्या हॉकर सिडली या विमानं बनवणाऱ्या कंपनीकडे या नावाचा ट्रेडमार्क आहे. नाव बदलणं भाग पडलं, तेव्हा त्यातले स्वर काढून टाकले आणि एस, क्यू, एल एवढंच उरलं. कागदावरचं नाव बदललं, पण तोंडात बसलेलं तसंच राहिलं. १९८६ साली अमेरिकी प्रमाणसंस्थेनं आणि १९८७ साली आंतरराष्ट्रीय संस्थेनं या भाषेचं मानक प्रसिद्ध केलं ते नव्या नावानंच. पण तोवर सीक्वेल म्हणणाऱ्यांची एक पिढी घडली होती. तुमच्या ऑफिसातले लोक चुकत नाहीत, ते जुनं नाव चालवताहेत.

त्यातही कोण काय म्हणतो हे बरंचसं कोणतं सॉफ्टवेअर वापरतो यावर ठरतं. मायक्रोसॉफ्टच्या 'एसक्यूएल सर्व्हर' या डेटाबेस सॉफ्टवेअरवर काम करणारा सहसा 'सीक्वेल सर्व्हर' म्हणतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या अधिकृत माहितीत 'माय एस क्यू एल' हा उच्चार दिला आहे, आणि कुणी 'माय सीक्वेल' म्हटलं तरी आमची हरकत नाही, असंही त्याच जागी म्हटलं आहे. पोस्टग्रेसक्यूएल या तशाच तिसऱ्या सॉफ्टवेअरच्या नावात तर सीक्वेलला जागाच उरत नाही. मूळ नाव पोस्टग्रेस, त्याच्या शेवटचा एस हाच एसक्यूएलचा पहिला एस. त्यामुळे उच्चार 'पोस्टग्रेस-क्यू-एल'.

मग आद्याक्षरांचं नाव सुटं कधी म्हणायचं आणि शब्दासारखं कधी? पक्का नियम नाही, कल आहे. मध्ये स्वर असेल आणि जीभ अडखळत नसेल तर शब्द होतो : रॅम, रॉम, लॅन, डॉस, बायोस. नसेल तर सुटी अक्षरं : यूएसबी, सीपीयू, एचटीएमएल. कधी बोलणारेच स्वर घुसवतात. सर्व्हरच्या हार्ड डिस्क जोडायची एस-सी-एस-आय ही पद्धत जगभर 'स्कझी' झाली, त्यातला पहिला 'अ' लिहिलेल्या नावात कुठेच नाही. कधी अर्धं सुटं, अर्धं जोडून : जे-पेग, एम-पेग. आपल्या पुण्यातलं सी-डॅक हेही असंच. सी सुटा, बाकीचा शब्द.

मूळ शब्दात त्या अक्षराचा जो ध्वनी तोच आद्याक्षरी नावातही हवा, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. हलत्या चित्रांच्या 'जिफ'वरून चालणारा वाद त्याच्यावरच उभा आहे. त्यातला जी 'ग्राफिक्स'चा आणि ग्राफिक्समध्ये ग आहे, म्हणून 'गिफ' म्हणा, असं एक बाजू म्हणते. पण कॉम्प्युसर्व्ह कंपनीत १९८७ साली हा प्रकार तयार करणारे स्टीव्ह विल्हाइट शेवटपर्यंत 'जिफ'च म्हणत राहिले. २०१३ साली त्यांना वेबी पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी भाषणाऐवजी पडद्यावर एवढंच दाखवलं की याचा उच्चार जिफ आहे, गिफ नाही. मला त्यांची बाजू पटते, ती केवळ ते कर्ते म्हणून नव्हे. तो ध्वनीचा नियम इतर कुठेच टिकत नाही. जेपेगमधला पी 'फोटोग्राफिक'चा आहे, पण 'जेफेग' कुणी म्हणत नाही. लेझरमधला एस 'स्टिम्युलेटेड'चा, तरी आपण झ म्हणतो. आद्याक्षरं एकदा एकत्र आली की ती नवा शब्द म्हणून वाचली जातात, आपल्या मूळ घराचे ध्वनी सोबत आणत नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा प्रश्न टाळता येतो. तो तीन रोमन अक्षरं टाकतो आणि वाचणारा हवं ते वाचतो. देवनागरीत ती सोय नाही. आपण अक्षरं लिहीत नाही, उच्चार लिहितो. त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्याला दर वेळी निर्णय घ्यावाच लागतो, आणि तो विचार करून घेतलेला बरा.

मराठीच्या स्वतःच्या लघुरूपांत ही अडचण येत नाही. भाजप, मनसे, शेकाप, मसाप, अंनिस ही सगळी पहिल्या अक्षरांची बनलेली, आणि सगळी सरळ शब्दासारखी वाचता येतात. आपल्या व्यंजनात अ असतोच, मात्रा आणि अनुस्वारही अक्षराबरोबर येतात. 'सेना'मधला 'से' मात्रेसकट 'मनसे'त गेला. अक्षराचं नाव आणि अक्षराचा ध्वनी एकच, म्हणून सुटं वाचायचं की जोडून, असा पेचच पडत नाही. 'भाजप'च्या शेवटचा अ उच्चारात गळतो, तोही अस्सल मराठी शब्दात गळतो तसाच.

रोमन अक्षरांची नावं मात्र आपण आपल्या पद्धतीनं म्हणतो आणि तशीच लिहायला हवीत. आय हे अक्षर मराठीत 'आय' आहे, हिंदीत 'आई'. व्ही मराठीत 'व्ही', हिंदीत 'वी'. म्हणून मराठीत आयआयटी, यूपीआय, एआय, सीसीटीव्ही, व्हीपीएन. मराठी जाहिरातींत आणि ॲपमध्ये हल्ली 'यूपीआई', 'एआई', 'सीसीटीवी' सर्रास दिसतं. मजकूर हिंदीवरून उचलून वर मराठी क्रियापदं बसवली आहेत, हे त्या एका शब्दावरून ओळखता येतं. हे बारीकसारीक म्हणून सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं. माणूस दिवसातून किती वेळा तरी हे शब्द पडद्यावर वाचतो, आणि आपल्या तोंडचं रूप तिथे दिसत नसेल तर हळूहळू तेच परकं वाटायला लागतं.

लघुरूप मराठीत मुरलं की नाही हे ओळखायची माझी खूण म्हणजे लिंग आणि वचन. 'ओटीपी आला' असं आपण म्हणतो, कारण आत लपलेला पासवर्ड पुल्लिंगी आहे. 'सिम बंद पडलं', कारण कार्ड नपुंसकलिंगी. 'रॅम वाढवली', कारण मेमरी स्त्रीलिंगी. हे कुणी शिकवलेलं नाही. बोलणारा आतल्या नामाचं लिंग आपसूक धरतो. अनेकवचन ही त्यापुढची पायरी. एसटी हे मुळात दोन रोमन अक्षरांचं नाव, पण संपाच्या दिवशी आपण 'एसट्या बंद आहेत' म्हणतो, गाडीचं गाड्या होतं त्याच चालीवर. गाण्यांच्या 'सीड्या'ही अशाच. गावाकडे एसटीची 'येष्टी' होते तेही 'एक'चा उच्चार 'येक' होतो त्याच सवयीनं. सुरुवातीच्या ए-आधी य येणं ही मराठीची जुनी चाल आहे, अडाणीपणा नव्हे.

या सगळ्यावरून पुस्तिकेसाठी 'एसक्यूएल' का, ते सांगतो. एक म्हणजे तुमच्या वाचकाला पडद्यावर तीन रोमन अक्षरं दिसणार आहेत, आणि एस-क्यू-एल वाचलेला माणूस ती लगेच ओळखेल. 'सीक्वेल' वाचून पडद्यावर शोधायला गेला तर त्याला तसं काही सापडणार नाही. शिवाय मराठी वाचकाला सीक्वेल म्हटलं की सिनेमाचा पुढचा भाग आठवतो, आणि 'सीक्वेलमध्ये माहिती शोधा' या वाक्यापाशी तो अडखळेल. पहिल्यांदा शब्द येईल तिथे 'काही जण हिला सीक्वेल असंही म्हणतात' एवढं एक वाक्य टाका, म्हणजे वरिष्ठांच्या तोंडून तो शब्द ऐकल्यावर कुणी गोंधळणार नाही.

शब्द सलग लिहा, मध्ये टिंबं नकोत. 'एस. क्यू. एल. मध्ये' असं लिहिलं की प्रत्यय लोंबकळत राहतो. 'एसक्यूएलमध्ये', 'एसक्यूएलचा' हे एका दमात वाचलं जातं. लिंग स्त्रीलिंगी ठेवा, कारण ती भाषा आहे : 'एसक्यूएल शिकायला सोपी आहे'. सॉफ्टवेअरची नावं त्यांच्या उच्चाराप्रमाणे, म्हणजे मायएसक्यूएल, पोस्टग्रेसक्यूएल. आणि क्वेरीचं, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं, अनेकवचन 'क्वेरीज' करू नका. बॅटरीच्या बॅटऱ्या आणि फॅक्टरीच्या फॅक्टऱ्या आपण कधीच्या करतो आहोत, तेव्हा 'क्वेऱ्या' लिहायला काहीच हरकत नाही.