किताब जिंकत नाहीत, मिळवतात

परभणीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, बुद्धिबळपटू दिव्या देशमुखविषयी शाळेच्या फलकावर ‘दिव्या देशमुखने ग्रँडमास्टर किताब जिंकला’ असे लिहिल्यावर एका सहकाऱ्याने ‘किताब म्हणजे पुस्तक, तिथे उपाधी लिहा’ असा आक्षेप घेतला. तर बरोबर काय?

क्रियापद चुकले आहे, आणि ही चूक रोज कानांवर येते. जिंकायची ती स्पर्धा. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे दिव्याने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा डावांत, हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. ते विजेतेपद पुढच्या स्पर्धेपर्यंतचे. ग्रँडमास्टर हा किताब मात्र आजन्म राहतो. एरवी तो तीन नॉर्म (स्पर्धेत ग्रँडमास्टरच्या तोडीची ठरलेली कामगिरी म्हणजे एक नॉर्म) आणि २५०० रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचे गुणांकन, पुरे केल्यावर मिळतो, दिव्याला तो विश्वचषक विजेती म्हणून थेट मिळाला. तिला ‘महिला ग्रँडमास्टर झाली’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे, की २३०० रेटिंगचा तो वेगळा किताब तिने २०२१ मध्येच मिळवला होता.

आता सहकाऱ्यांचा आक्षेप. पदवीवाचक ‘किताब’ आणि पुस्तकवाचक ‘किताब’ हे दोन निरनिराळे अरबी शब्द आहेत. माझ्या वडिलांचे शिक्षण निजामी राजवटीत उर्दू माध्यमातून झाले होते. लहानपणी त्यांनी माझ्या पाटीवर हे दोन्ही शब्द एकाखाली एक लिहून दाखवले होते. वरचा ‘काफ’ या उर्दू अक्षराने सुरू होणारा, लिहिणे या धातूचा, खालचा ‘खे’ने सुरू होणारा ‘खिताब’, बोलणे, संबोधणे या धातूचा. शुक्रवारच्या नमाजाचा ‘खुतबा’ म्हणजे प्रवचन, तो देणारा ‘खतीब’ आणि ‘मुखातिब’ म्हणजे बोलण्यासाठी सामोरा झालेला, हे सारे या दुसऱ्या घरातले. खिताब म्हणजे ज्या नावाने इतरांनी आपल्याला हाक मारायची ते नाव.

हे न मानणाऱ्या पंडितांनी लिंगाचे काय करायचे ते सांगावे. उर्दूत पुस्तकवाचक किताब स्त्रीलिंगी आणि खिताब पुल्लिंगी. मराठीत आपण ‘तो किताब’ म्हणतो. ‘ख’ गेला, पण लिंग टिकून राहिले. मराठीत ‘ख’चा ‘क’ का झाला याविषयी माझे मत असे, की दरबारातून आलेला मान सनदेच्या कागदावर लिहून येई, आणि त्या कागदामुळेच ऐकणाऱ्यांच्या मनात हे दोन शब्द एकमेकांत मिसळले. म्हणून आता कोणी ‘शुद्ध’ म्हणून ‘खिताब’ लिहिण्याचा आग्रह धरू नये. ‘किताब’ हे मराठीचे स्वतःचे रूप झाले आहे.

मराठवाड्याला तर हा शब्द परका वाटण्याचे कारणच नाही. मीर कमरुद्दीनला १७१३ मध्ये मोगल बादशहाकडून ‘निजाम-उल-मुल्क’ आणि १७२५ मध्ये ‘आसफजाह’ हे किताब मिळाले, आणि १९४८ पर्यंत आपण ज्याला ‘निजाम’ म्हणत आलो ते मुळात कोणाचे जन्मनाव नसून किताबच होता. संबोधन हेच नाव होऊन बसल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. ‘ग्रँडमास्टर दिव्या देशमुख’ यातही तोच व्यवहार आहे.

तेव्हा फलकावर ‘उपाधी’ नको. ‘दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला’ असे लिहावे.