फक्त एकच भाषा येत असेल तर बुद्धी मागे राहते का?

नाही. जन्मभर एकच भाषा बोलल्याने बुद्धी खुंटली असेल, ही तुमची भीती कुणी तरी मनात भरवलेली आहे आणि ती तुम्ही काढून टाकावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर बरोबर उलटं सांगितलं जायचं. दोन भाषांमुळे मूल गोंधळतं, मागे पडतं, असं चाचण्यांचे आकडे दाखवून सांगत. पण त्यातल्या बऱ्याच चाचण्यांत घरची परिस्थिती लक्षातच घेतलेली नव्हती. १९६२ मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलमधली एकाच आर्थिक थरातली १० वर्षांची मुलं तपासली, तेव्हा द्विभाषिक मुलं पुढे निघाली. मग वारं फिरलं. दोन भाषांनी एकाग्रता वाढते, असे अभ्यास भराभर येऊ लागले. २०१५ मध्ये आंजेला द ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी परिषदांत मांडलेल्या अभ्यासांचा माग काढला, तर फायदा दाखवणारे अभ्यासच जास्त प्रमाणात छापून आले होते. वाद अजून मिटलेला नाही. एवढ्या डळमळीत पायावर कुणी कुणाला कमी लेखू नये.

शिवाय एकभाषिक माणूस एकाच सुरात कुठे बोलतो? तान्ह्या बाळाशी, साहेबांशी, भांडताना, शोकसभेत त्याची शब्दकळा, वाक्यरचना, आवाज सगळंच बदलतं. हे कसब आपण मोजतच नाही.

खरा तोटा असतो तो मात्र लहान समजू नका. इंग्रजीच येणाऱ्याला जगात फारसं अडत नाही. ज्याची एकमेव भाषा राज्यकारभाराची नाही, त्याला दवाखान्यात दुखणं सांगता येत नाही, कोर्टात स्वतःवरचा आरोप कळत नाही. दोघेही एकभाषिकच, पण किंमत एकालाच मोजावी लागते, आणि मला राग येतो तो याचा.

म्हणून नवी भाषा शिकायची तर गरजेपोटी किंवा आवडीने शिका, न्यूनगंडातून नको. मोठेपणी उच्चार पक्के बसायला जड जातात, पण शब्दसंग्रह कुठल्याही वयात वाढतो. आणि तोवर महत्त्वाच्या कागदावर सही करण्याआधी ‘मला माझ्या भाषेत समजावून सांगा’ असं बेलाशक म्हणा. दुभाषी म्हणून घरातल्या लहान मुलाला उभं करू नका. आजारपणाचं किंवा कोर्टकचेरीचं बोलणं त्याच्या तोंडून वदवून घेणं त्याच्यावरही अन्याय आहे, आणि त्यात चुकाही फार होतात.