हंगेरीत 8 दिवसांत तिथल्या लोकांचं जगणं कसं कळेल?

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरात 8 दिवस हंगेरीला जाताय, नुसते पूल आणि पार्लमेंटचे फोटो काढून परत यायचं नाहीये, तर तिथली माणसं कशी जगतात ते कुठे बघायचं. मी नोकरीनिमित्त दोन वर्षं बुडापेस्टला झुग्लो भागात राहिलोय, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी भाषेचं, कारण सगळे तिलाच घाबरतात. घाबरू नका, मराठी माणसाला तिची ठेवण पटकन कळते. आपण कसं घर, घरात, घरातून असं शब्दालाच जोडतो, तसंच त्यांचं हाझ, हाझबॉन, हाझबोल. आडनाव आधी, नाव नंतर, म्हणजे फुटबॉलवाला पुश्काश तिकडे पुश्काश फेरेन्त्स. आणि मोठ्या बाईला नावापुढे नेनी, पुरुषाला बाची, काटी नेनी म्हणजे सरळ आपली काटी काकू. तू आणि तुम्ही पण आहे, त्यामुळे वयस्कर माणसाला एकदम सिआ (म्हणजे काय रे) म्हणू नका, यो नॉपोत (म्हणजे नमस्कार) म्हणा. लिफ्टमध्ये, छोट्या दुकानात शिरताना हेच म्हणायचं आणि निघताना विसोंतलाताश्रा, म्हणजे पुन्हा भेटू, एवढ्यानेच समोरच्याचा चेहरा बदलतो हे मी शेकडो वेळा बघितलंय.

जेवण दुपारी करा, ते पण सोमवार ते शुक्रवार. ऑफिसवाले, गवंडी, पेन्शनर सगळे एत्केझ्देमध्ये जेवतात, म्हणजे आपली साधी खानावळ, बाहेर नॉपी मेन्यू लिहिलेला असतो, आजचं सूप आणि एक मुख्य पदार्थ. तिथे फोझेलेक मागा. वाटाणा, पालक, भोपळा किंवा मसूर शिजवून मैदा नाहीतर आंबट क्रीम लावून दाट केलेलं, आपण पातळभाजीला बेसन लावतो ना, तसंच, फक्त फोडणी नाही. शाकाहारी असाल तर वर मांस नको एवढं आधी सांगा. आणि गुयाश म्हणजे त्यांच्याकडे सूप, दाट रस्सा हवा असेल तर त्याचं नाव पर्कल्ट.

माझ्या शेजारच्या नेनीने मला लेचो शिकवलं, कांदा, पिवळी ढब्बू मिरची, टोमॅटो. कांदा गुलाबी झाला की ती पातेलं गॅसवरून खाली घ्यायची, मगच पाप्रिकाची, म्हणजे त्यांच्या लाल मिरचीची पूड घालून भराभर ढवळायची आणि लगेच मिरच्या-टोमॅटो टाकून पुन्हा गॅसवर, कारण पूड जळली की कडू होते. माझी आई फोडणीत तिखट घालताना हेच करते! त्या दिवसापासून मला तो देश परका वाटलाच नाही.

गरम पाण्याच्या कुंडात जायचंच. बुडापेस्टचं सेचेनी 1913 सालचं, भव्य आहे, पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळणारे आजोबा दिसतील, पण गर्दी पर्यटकांची. मला तिथलंच लुकाच नावाचं कुंड जास्त आवडतं, तिथे रोजची माणसं येतात, काहीजण डॉक्टरने लिहून दिलंय म्हणून, आणि अंगणाच्या भिंतीवर बरे झालेल्या लोकांनी लावलेल्या संगमरवरी आभाराच्या पाट्या आहेत. भाषा येत नसली तरी त्या पाट्यांसमोर पाच मिनिटं उभे राहा.

एक संध्याकाळ तान्सहाझला द्या, म्हणजे नाचाचं घर. 1972 मध्ये बुडापेस्टच्या तरुण मुलांनी खेड्यातली गाणी-नाच शहरात आणले, त्यातून ही चळवळ झाली. व्हायोलिन, ब्राचा (म्हणजे व्हायोला), कॉन्ट्राबास, समोर वाजवणारे, आधी पावलं शिकवतात मग सगळे नाचतात, तिकीट काढून नुसतं बसून बघायचा शो नाही तो. फोनो म्हणून संगीतघर आहे तिथे किंवा इतर ठिकाणी कधी असतं ते जायच्या आधी बघून घ्या. पाय चुकले तरी कोणीतरी हात धरून गोलात ओढतंच.

पहिल्या महायुद्धानंतरचा 1920 चा त्रियानोनचा तह, ज्यात देशाचा दोन तृतीयांश भूभाग गेला, आणि सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धचा 1956 चा उठाव, या दोन गोष्टी वाचून जा, घराघरात त्याच्या आठवणी आहेत, पण विषय आपण काढू नका, त्यांनी काढला तर शांतपणे ऐका.

एक दिवस बालाटोन तलावाला, बालाटोनफ्युरेदला जा. रवींद्रनाथ टागोर 1926 मध्ये तिथे हृदयाच्या उपचारांसाठी राहिले होते, बरे झाल्यावर त्यांनी झाड लावलं, काठावरच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे.

येताना पाप्रिका आणाच, सप्टेंबर म्हणजे तिचा हंगामच. सेगेद किंवा कालोचा या गावांची बघून घ्या. एदेश म्हणजे गोडसर, चिपोश म्हणजे तिखट. तिखटासाठी आपल्याकडे मिरच्या आहेतच, तुम्ही एदेश आणा आणि घरी डब्यात, उजेडापासून लांब ठेवा, नाहीतर रंग उतरतो.