वाचकांचे प्रश्न : झान मोरो

प्रश्न : फ्रेंच अभिनेत्री झान मोरोचा 'एलिव्हेटर टू द गॅलोज' घरी टीव्हीवर पाहिला. रात्री ती पॅरिसच्या रस्त्यांवर भटकते तेव्हा तिचा चेहरा मध्येच काळोखात जातो, डोळ्यांखालची वर्तुळं दिसतात, चित्रावर रवाही (बारीक ठिपके) आहे. प्रिंट खराब असेल का?

उत्तर : प्रिंटचा दोष नाही. मोरो विशीतच 'कॉमेदी फ्रान्सेज'सारख्या मातब्बर नाट्यसंस्थेत पोचली होती. सिनेमावाल्यांना मात्र तिचा चेहरा कॅमेऱ्याजोगा वाटत नसे. म्हणून मेकअपचे थर आणि वर दिव्यांचा मारा. १९५७ मध्ये पंचविशीतला दिग्दर्शक लुई माल आणि छायालेखक आंरी दकाए यांनी हे दोन्ही बंद केलं. ट्राय-एक्स ही कमी उजेडातही चालणारी कृष्णधवल फिल्म घेतली, कॅमेरा बाबागाडीत ठेवला आणि पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर तिच्यासोबत ढकलत नेला. उजेड फक्त दुकानांच्या काचांमधून येणारा. दुकान मागे पडलं की चेहरा विझतो, पुढचं आलं की उजळतो. रवा त्या फिल्मचाच. लॅबमधले लोक तर निर्मात्याकडे तक्रार घेऊन गेले, की हे दोघे नटीची वाट लावताहेत! प्रत्यक्षात याच चित्रपटाने ती तारका झाली.

टीव्हीवर 'व्हिव्हिड' मोड असेल तर बदला. तो काळोख उजळवतो आणि रवा बोचरा करतो. 'सिनेमा' मोड लावा, शार्पनेस अगदी कमी ठेवा आणि 'नॉइज रिडक्शन' बंद करा. ते रव्याबरोबर त्वचेचा पोतही पुसून टाकतं. खोलीतले दिवे मालवा.

प्रश्न : यानंतर तिचे कोणते चित्रपट पाहावेत?

उत्तर : मालचाच 'द लव्हर्स' (१९५८). तो दाखवल्याबद्दल अमेरिकेत ओहायोतल्या एका थिएटर व्यवस्थापकाला दंड झाला होता; सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये तो रद्द केला. मग त्रुफोचा 'ज्यूल ए जिम' (१९६२). त्यात गिटारच्या साथीवर ती गाते, तेवढ्यासाठी तरी पाहाच. अँतोनिओनीचा 'ला नोत्ते' (१९६१) त्यानंतर. त्यात संवाद कमी, चालणं जास्त. सुरुवातच त्याने केली तर कंटाळून बंद कराल. 'मोदेरातो काँताबिले'साठी तिला १९६० मध्ये कान महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार विभागून मिळाला, पण तो शेवटी पाहिला तरी चालेल.

प्रश्न : तिने दिग्दर्शनही केलं होतं का?

उत्तर : हो. 'ल्युमिएर' (१९७६) आणि 'लादोलेसाँत' (१९७९). पहिला चार अभिनेत्रींवर आहे आणि त्यातली एक भूमिका तिचीच.