डिफरंट, व्हेरियस की डायव्हर्स? आधी सांगा, कशापासून वेगळं

तुमचा प्रश्न असा की परदेशी विद्यापीठाच्या अर्जात ‘मराठवाड्यात वेगवेगळी पिकं होतात’ हे लिहायचंय, तर डिफरंट, व्हेरियस, डायव्हर्स आणि व्हरायटी यातला कुठला शब्द भारी दिसेल. ‘भारी दिसेल’ वाचलं आणि माझं डोकं फिरलं. शब्द काय लग्नातला फेटा आहे का, भारी दिसायला?

मी कृषी सहायक म्हणून रिटायर झालेला माणूस. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. माझं इंग्रजी आलं ते बियाण्याच्या पिशवीवरच्या निळ्या-पांढऱ्या टॅगवरून आणि वरून आलेल्या परिपत्रकांवरून. त्यामुळे आमच्याकडे व्हरायटी म्हणजे वाण. परभणी मोती ही ज्वारीची व्हरायटी, घरचं बी राखून पुढच्या साली पेरता येतं. नांदेड ४४ हा कापूस हायब्रीड, त्याचं बी दरसाल विकत घ्यावं लागतं. एक शब्द चुकला की शेतकऱ्याचं वर्ष जातं, ही सवय अंगात मुरलेली. माझ्या साडूभाऊंना ही सवय नाही. ते लातूरला इंग्रजीचे क्लास घेतात.

झालं असं. आमच्या गावातल्या एका आबांकडे हुरड्याची ज्वारी आहे, त्यांच्या आजोबापासून घरचंच बी राखलेली. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचा पारंपरिक वाण नोंदवता येतो, आणि शेतकऱ्याला त्याची नोंदणी फीही लागत नाही. मीच आबांच्या मागे लागलो होतो. या नोंदणीत तीन गोष्टी तपासतात: डिस्टिंक्टनेस, युनिफॉर्मिटी, स्टॅबिलिटी. म्हणजे माहितीतल्या इतर सगळ्या वाणांपासून निदान एका महत्त्वाच्या गुणात स्पष्ट ओळखू येईल इतका वेगळा पाहिजे, शेतभर एकसारखा पाहिजे आणि पिढ्यान् पिढ्या तसाच राहायला पाहिजे. कणीस गच्च की मोकळं, तुसाचा रंग, पानाच्या मधल्या शिरेचा रंग, फुलोऱ्याला किती दिवस, असं सगळं बघतात.

हुरड्याचे दिवस होते. आगटीजवळ बसून मी मजकूर लिहीत होतो, साडूभाऊ शेजारी हुरडा खात. त्यांनी कागद ओढून घेतला, माझा ‘डिस्टिंक्ट’ खोडला आणि वर लिहिलं ‘युनिक अँड डायव्हर्स’.

म्हणलं, “साडूभाऊ, हे काय करायलाव?”

“डिस्टिंक्ट फार कोरडं वाटतं हो. हल्ली सगळीकडे डायव्हर्स लिहितात. वाचणारा खूश होतो.”

वाचणारा खूश! अहो, डायव्हर्स हा घोळक्याचा शब्द आहे. घोळक्यातले एकमेकांसारखे नसतात, असं तो सांगतो. एका वाणाला डायव्हर्स म्हणलं तर अर्थ झाला की या शेतात चार तऱ्हेची कणसं उभी आहेत, एक गच्च, एक मोकळं, एक लवकर फुलणारं, एक उशिरा. म्हणजे युनिफॉर्मिटी आपल्याच हाताने खोटी पाडली. डिस्टिंक्ट बाहेर बोट दाखवतो, इतरांपासून वेगळा म्हणतो. डायव्हर्स आत बघतो. मी हे सांगतोय आणि ते म्हणायलेत, “भाषेत एवढं काटेकोर नसतं.” क्लास घेणाऱ्या माणसाने हे म्हणावं! शेवटी आबाच म्हणाले, “साहेब, तुमचं दोघांचं होईपर्यंत कणसं करपायलीत.” अर्ज माझ्या शब्दाने गेला. साडूभाऊ मात्र अजून पाहुण्यांत सांगतात की मी एका शब्दासाठी हुरडा करपवला.

आता तुमचं. व्हेरियस म्हणजे बरीच आणि निरनिराळी, पण त्यांच्यातल्या फरकावर जोर नाही. त्याच्यानंतर येणारं नाम अनेकवचनीच असतं. जोर द्यायचा असेल तेव्हा डायव्हर्स, आणि मग तो फरक दाखवताही आला पाहिजे: जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ, परभणीची ज्वारी असं काही पुढे यायला हवं. व्हेरीड हा एकाच गोष्टीच्या आतल्या विविधतेला शोभतो, जसं एका माणसाचा व्हेरीड अनुभव. डिफरंट ऐकलं की मी विचारतो, कशापासून? उत्तर नसेल तर तो शब्द काढा. ‘डिफरंट डिफरंट क्रॉप्स’ तर लिहूच नका, ते आपल्या ‘वेगवेगळी’चं जोडपं आहे, इंग्रजीत नांदत नाही.

व्हरायटी जपून. ‘अ व्हरायटी ऑफ क्रॉप्स’ म्हणजे बरीच पिकं, बरोबर आहे. पण ‘अ व्हरायटी ऑफ सॉर्घम’ (सॉर्घम म्हणजे ज्वारी) लिहिलंत तर शेतीचा प्राध्यापक एकच वाण समजेल आणि त्याचं नाव विचारेल. तुमचा अर्ज कृषीचा आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर हे ध्यानात ठेवा, नसेल तर बिनधास्त वापरा.

दोन गोष्टी राहिल्या. मी डिफरंटला फार झोडपलं, पण ‘मेनी डिफरंट क्रॉप्स’ हे चांगलं चालतं इंग्रजी आहे, त्यात कुणी चूक काढणार नाही. आणि शेतकऱ्याच्या वाणाला युनिफॉर्मिटीत थोडी सूट मिळते, शेतात काही वेगळी ताटं, म्हणजे झाडं, निघाली तर लगेच वाण बाद होत नाही. साडूभाऊंना ही सूट कळली तर ते परत डायव्हर्स घेऊन येतील म्हणून घरात मी बोलत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर ‘मेनी क्रॉप्स’ लिहून पुढे सरळ नावं टाकली असती: सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा, रब्बी ज्वारी, मोसंबी. नावं आली की विशेषण लागतच नाही. साडूभाऊंना हे पटणार नाही, त्यांच्या क्लासची फी विशेषणांवरच चालते.