आजोबांचे भाऊ १९४२ मध्ये सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत गेले, पुढे पत्ता नाही. शोध कुठून सुरू करावा?

आधी शिपाई क्रमांक आणि पलटण मिळवा. नुसत्या नावावर शोध अडतो, कारण एकाच नावाचे दहा जण निघतात. मेडल, जुनी पेन्शनची कागदपत्रं धुंडाळा. मराठा पलटणीत असतील तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करा.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (युद्धात मरण पावलेल्या जवानांची नोंद ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर क्रमांक टाका. कबर नसलेल्या हजारोंची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर आहेत. तिथल्या स्पेलिंगवर मात्र विसंबू नका. शिंदे हे Sinde, Scindia, काहीही असू शकतं.

नाव नसेल तर ते परतले असतील, किंवा आझाद हिंद सेनेत गेले असतील. त्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ पाहा. भारतीय कैद्यांच्या तुकड्या न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनलाही नेल्या होत्या, म्हणून फक्त सिंगापूरवर अडून राहू नका.

लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली जपानी कैदी-कार्डं (संग्रह क्रमांक डब्ल्यूओ ३४५) शेवटी बघा. भारतीय जवानाचं कार्ड असेलच असं नाही. मिळालंच तर तारीख शोवा सालात, म्हणजे जपानी सम्राटाच्या कालगणनेत असते, आणि साल आधी लिहितात: १७.२.१५ म्हणजे १५ फेब्रुवारी १९४२, १९१७ नव्हे!