पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला गोवेकर गोव्याचा राहतो का? आणि तो सगळ्यांना मिळतो का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. माझं गाव बांदा, सिंधुदुर्गातलं. आत्या दिलीय गोव्यातल्या पेडण्यात, मध्ये फक्त महाराष्ट्र-गोवा सीमेवरचा पत्रादेवीचा नाका. माशाची आमटी तीच, दशावतार तोच. पण आत्याचे यजमान 1957 चे, आणि 19 डिसेंबर 1961 च्या, म्हणजे गोवा मुक्तीच्या, आधी गोव्यात जन्मलेल्याला पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, आधी लिस्बनला त्याच्या जन्माची नोंद, मग मुलांची. माझे बाबाही 1957 चेच, पण नाक्याच्या अलीकडे जन्मले, सावंतवाडी संस्थान तोवर भारतात विलीन झालेलं, त्यामुळे आम्हाला भोपळा.

नाक्यापलीकडेही सगळ्यांना जमतं असं नाही. जुन्या दाखल्यावर 'नाईक'चं स्पेलिंग पोर्तुगीज धाटणीचं, शेवटी क्यू-यू-ई, आणि आधारवर साधं. ते जुळवायला वकील, अ‍ॅफिडेव्हिट, भाषांतर, वर एजंटची फी. आत्याने दोन पाटल्या मोडल्या. मोडायला ज्यांच्याकडे काही नाही त्यांचा हक्क कपाटातच पडून राहतो.

मोठा आतेभाऊ 2016 ला इंग्लंडातल्या स्विंडनला गेला, वेअरहाऊसमध्ये नाइट शिफ्ट करतो, पोर्तुगीज म्हणाल तर 'ओब्रिगाद'च्या पुढे गाडी जात नाही. धाकट्याच्या हातात पासपोर्ट 2022 ला पडला, तोवर ब्रेक्झिट होऊन गेलेलं, म्हणजे इंग्लंड युरोपियन युनियनबाहेर, तिथे कामाला त्यालाही आता माझ्यासारखाच व्हिसा लागतो, मग तो आयर्लंडला गेला, ते पोर्तुगालसारखंच युनियनमध्ये आहे. मी अजून बांद्यातच आहे म्हणा.

आता गोव्याचा राहतो का? घरच्या गणपतीपुढे राहतोच की! पण कायद्याने तो परदेशी. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, स्वतःहून दुसऱ्या देशाचं घेतलं की 1955 च्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम 9 ने इथलं संपतं. मग ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड काढतात, नावात 'सिटिझन' असल्यामुळे बरेचजण फसतात, पण तो खरं तर आयुष्यभराचा व्हिसा. मतदान नाही, शेतजमीन किंवा बागायत वारशाने आली तर ठीक, विकत घेता येत नाही.

मागच्या चतुर्थीला हेच झालं. घराला लागून असलेली काजूची बागायत विकायला निघाली, मोठ्याकडे पौंड तयार, पण तो घेऊ शकत नाही, त्याचे वडीलही घेऊ शकत नाहीत, तेही आता पोर्तुगीजच. शेवटी घेतली आत्याच्या नावावर. बांद्याची पोर, तिने पासपोर्ट बदललाच नव्हता, "म्हातारपणी कुठे जाऊ मी" म्हणून. त्या घरातून पंचायतीला मत टाकायलाही आता ती एकटीच जाते.